द्वारका, तुझ्या बरडाचं एक बॅरल

द्वारका, अक्षर पाहून हसू नकोस. हसशील हे माहीत आहे, तरी सांगून ठेवते. चौथीनंतर माझ्या हातात खुरपं आलं आणि पेन्सिल सुटली. त्यानंतर आजवर मी लिहिलं ते फक्त बियाण्याच्या डब्यांवर. वांगी, मिरची, मेथी, कोथिंबीर. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला कधी कळलं नाही, आणि माझी ओळ सरळ निघते पण पोचते भलतीकडेच. तू सातवी शिकलेली. चुकेल तिथे सोडून दे आणि पुढे वाच.

आणखी एका गोष्टीची माफी. तुला मी आयुष्यभर "तुमी" म्हणाले. नात्यानं मी तुझ्या मोठ्या भावाची बायको, पण वयानं तू माझ्याहून मोठी, त्यामुळे माझी जीभ वळायची नाही. तू किती वेळा म्हणालीस, "मले तू म्हण व वयनी, मी काय तहसीलदार हाय?" तोंडानं म्हणायला लाज वाटायची. कागदावर वाटत नाही, हे आज कळलं. तर आता तू.

तुझ्या तेरवीला आठवडा होऊन गेला. पाहुणे गेले, मंडपवाला आपली पातेली मोजून घेऊन गेला, घर रिकामं झालं. मी रडायला बसले होते, पण बरडावरचे द्राक्षाचे वेल आठवले आणि हसूच आलं. म्हणून लिहायला घेतलं. त्या वेलींचं पुढे काय झालं हे तुला कळलं नाही. तू जाताना एक गोष्ट अर्धीच राहिली होती. वाईनचं बॅरल उघडायचं होतं, आणि बॅरल उघडल्याशिवाय तुझे पैसे फिटणार नव्हते.

तू नाशिककडून कायमची परत आलीस तेव्हा तुझे गुडघे गेले होते. आधी तू द्राक्षाच्या छाटणीच्या बायांच्या टोळीत गेलीस, मग एका वायनरीच्या, म्हणजे वाईनच्या कारखान्याच्या, तळघरात कामाला राहिलीस. लाकडी बॅरल धुणं, भरणं, ढवळणं यात तुझी कितीतरी वर्षं गेली. गावातल्या बाया कुजबुजायच्या, दारूच्या कारखान्यात होती म्हणे. तू त्यांना तोंडावर सांगायचीस, "होती ना. आन तठी भर उन्हाळ्यात गोधडी घ्या लागते. तुमी या, थंडं वाटंल."

आपला मळा आपल्या मालेगावहून, नाशिककडच्या नव्हे, मेडशीकडे जाताना लागतो. विहिरीजवळ काळी जमीन, तिथे आपली भाजी. वरच्या अंगाला तेवढं बरड, मुरूम आणि पांढरे चुनखडीचे खडे. तिथे आम्ही कधी काही पेरलं नव्हतं. तू आलीस त्याच आठवड्यात काठी टेकत तिथे गेलीस, खाली बसलीस, दोन खडे एकमेकांवर घासलेस आणि पांढरी पूड तळहातावर घेऊन तुझ्या भावाला दाखवलीस.

"दादा, हे बरड मले दे."

"घे. घर बांधतं काय?"

"द्राक्षं लावते."

तुझा भाऊ हसला. "बाई, अठी शेरडंही उभी नाई राहात. काळी जमीन सोडून गोट्यात कायले लावतं?"

"गोटेच पाह्यजे मले."

मग तू आम्हाला बसवून सांगितलंस. फ्रान्समध्ये बरगंडी नावाचा मुलूख आहे. तिथली पांढरी वाईन शार्डोने नावाच्या द्राक्षाची. तिथल्या उतारांवर असेच पांढरे खडे, थंड हवा, आणि वेलीला जमिनीत खोल जाऊन पाणी शोधावं लागतं. तिथे एकाच गावात, एका बांधाच्या अलीकडची वाईन वेगळी आणि पलीकडची वेगळी, असं वायनरीच्या तुझ्या मॅडमनी तुला सांगितलं होतं. मॅडम त्याच द्राक्षाची तसली वाईन इकडे करू पाहत होत्या. तू त्यांना आपल्या बरडाचं सांगून आली होतीस, आणि त्या म्हणाल्या होत्या, तुम्ही पिकवा, मी एक बॅरल करून बघते.

मला त्यातलं एकच पटलं, बांधाचं. आपल्याही दोन वाफ्यांतली वांगी सारखी लागत नाहीत. बाकी मला वाटलं, तळघरात राहून तुझं डोकं थंड पडलं आहे. चांगली जमीन असताना कोणी वेलीला गोट्यात लोटतं का? मी तुझ्या भावाच्या कानात बोलले. त्यानं मोठ्यानं बोलून टाकलं. शेवटी तोडगा निघाला. अर्धे वेल काळ्या जमिनीत, अर्धे बरडावर. तू लगेच वाटणी केलीस. "खालच्या वयनीच्या, वरच्या माह्या. पाहू कोणाच्या लेकी नाव काढते."

तारा, लोखंडी अँगल, ठिबकच्या नळ्या, सगळ्याला तुझे साठवलेले पैसे लागले. ते रंजनासाठी होते हे मला ठाऊक होतं. लेकीच्या शिलाईच्या दुकानासाठी तू ते बाजूला ठेवले होतेस. मी म्हणाले, "बाई, आमी फेडू." तू बोट वर केलंस. "एक अट हाय. भाजीच्या पैशातून एक रुपया घेणार नाई. द्राक्षाच्याच पैशातून द्या लागंल. नाईतर तुमी भाजीतून फेडसान आन वेल उपटून फेकसान." तुला आम्ही किती नीट कळलो होतो.

आधी जंगली खुंट लावले. पुढच्या वर्षी पावसाच्या शेवटी तू नाशिकला जाऊन त्यावर कलम करायला शार्डोनेच्या काड्या आणल्यास. मी भाजी विकून मालेगावच्या स्टँडवर तुझी वाट पाहत होते. तिथून आपण मेडशीच्या बसमध्ये बसलो. ओल्या पोत्यातून पाणी गळत होतं आणि कंडक्टर आला.

"मावशी, पोतं गळून राह्यलं. मासोळ्या हायत काय?"

"लेकरं हायत भाऊ. आत्ता झोपले. हळू बोल."

"मंग तिकीट काढा लेकराचं. अर्धं."

"कायचं अर्धं? अंगावर पेते अजून. फुकटात बसते."

सगळी बस हसली. मी पदर तोंडावर ओढून खिडकीकडे पाहत बसले. तू मला कोपरानं ढोसून विचारलंस, "काहून व, तुही लेकरं नाईत काय हे?" तेव्हा लाजेनं मेले होते. आता तीच बस आठवते आणि वाटतं, त्या दिवशी पदर ओढायला नको होता, सगळ्यांसोबत हसायला पाहिजे होतं.

मग माझ्या पाण्याची गोष्ट. उन्हाळ्यात तुझ्या बरडावरच्या वेली दुपारी मान टाकायच्या. तू ठिबक बंद करून ठेवायचीस. मी माळ्याची लेक. पानानं मान टाकली की माझा हात घागरीकडे आपोआप जातो, आधी हात जातो आणि मग डोकं. एका दुपारी तू झोपलीस असं समजून मी घागर घेऊन वर गेले. दुसऱ्या वेलीला पाणी घालत होते तोच बांधावरून तुझा आवाज.

"कोण हाय थे? चोर हाय चोर!"

माझ्या तोंडून कसं निघालं माहीत नाही. "चोर पाणी नेते बाई. आणून देत नाई."

तू इतकी हसलीस की काठी टाकून बांधावरच बसलीस. मग मला जवळ बसवलंस. म्हणालीस, "वयनी, वांग्याले पाणी दे, थे फळ देते. वेलीचं उलटं हाय. पोटभर पाणी भेटलं का थे पानं करत बसते, मोठी होत राहाते, फळाकडे पाहातच नाई. जराशी उपाशी ठेवली का तिले वाटते, आता आपलं काही खरं नाई, फळ धरा. मंग सगळा जीव त्या घोसात घालते." मी मान हलवली. पण खरं सांगू, मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. मी खालच्या माझ्या वेलींना दुप्पट शेणखत घातलं.

पहिलं फळ आलं तेव्हा माझ्या वेली मांडवासारख्या पसरल्या होत्या. पानं पपईएवढी, घोस टपोरे. मी खूश. मग पानांच्या गर्दीत हवा कोंडली आणि भुरी आली, पांढरं पीठ शिंपडल्यासारखी. तरी बरेच घोस वाचले. तू मला डोळे मिटायला लावलेस आणि एक मणी तोंडात टाकलास.

"काय लागलं?"

"गोड."

"अजून?"

मी चघळलं. "गोड. आन पाणी."

"आता हे घे."

दुसरा मणी हरभऱ्याएवढा होता. साल जाड. आधी आंबट आलं, मग गोड, आणि गिळल्यावरही जिभेवर काहीतरी राहिलं. मी शाळेतली पाटी थुंकीनं पुसायचे आणि कधी कधी चाटायचेही. ओल्या पाटीची ती चव होती. मी डोळे मिटूनच म्हणाले, "पाटी." मला वाटलं, काहीतरी वेडं बोलले. डोळे उघडले तर तू रडत होतीस आणि हसत होतीस. "मॅडम हेच सांगतेत व, दगडाची चव. मले इतके वर्षं सांगता नाई आली. तू पाटी म्हणाली."

माझ्या वेली त्या उन्हाळ्यात काढल्या. तिथे आता वांगी आहेत आणि वांगी मजेत आहेत.

पण सगळीकडे तूच बरोबर नव्हतीस, हेही लिहून ठेवते, कारण हे भांडण हरल्याचं तू कधी कबूल केलं नाहीस. तिकडे वायनरीत शिकलीस म्हणून पुढच्या वर्षी तू सांगितलंस, घोसाजवळची सगळी पानं काढा, ऊन आणि वारा लागू दे. बरगंडीत तसं करतात. मी म्हणाले, "बाई, तठी थंडी हाय. आपलं ऊन पाह्यलं काय?" तू म्हणालीस, पाहिलं आहे, याच उन्हात वाढले. ढोबळी मिरची करपू नये म्हणून तिच्यावर पानांची सावली ठेवतो ते आठवून मी तुझ्या पाठीमागे दोन ओळींत मावळतीकडची पानं तशीच ठेवली. नंतर थंडी मध्येच मोडली आणि चार दिवस कडक ऊन पडलं. तुझ्या ओळींत मावळतीकडच्या बाजूचे मणी करपून तांबूस झाले. माझ्या दोन ओळी हिरव्या सोन्यासारख्या. तू आलीस, पाहिलंस आणि परत गेलीस. तिसऱ्या दिवशी तुझ्या भावाला तू सांगत होतीस ते मी ऐकलं, "दादा, पुढच्या साली मावळतीकडची पानं राहू दे. मी इचार करून राह्यली होती." मी चुलीपाशी पदरात तोंड खुपसून हसले. हे तुला कधी सांगितलं नाही. आज सांगितलं.

त्याच्या पुढच्या, वाईनसाठीच्या खऱ्या तोडणीच्या साली तू रोज सकाळी वर जाऊन मणी चावायचीस. तुझा भाऊ म्हणायचा, आठ दिवस थांब, वजन वाढेल. तू म्हणायचीस, "दादा, आपलं ऊन लय घाईचं हाय. साखर पळत वर जाते आन आंबट पळत खाली. आंबट गेलं का वाईन झोपून जाते." फ्रान्समध्ये ते फळ सावकाश पिकतं, तसं आपल्याकडे होत नाही, म्हणून आपण आधीच हात घालायचा. माघातल्या एका पहाटे आपण सगळ्यांनी तोडलं. दिवस उगवायच्या आत क्रेट पिकअपमध्ये चढले, वरून ओली पोती, मधे मधे बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या. तू आणि मी ड्रायव्हरशेजारी. समृद्धी महामार्गाला गाडी लागली तेव्हा तू मागे वळून वळून क्रेट पाहत होतीस. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, पोरगी लग्नाले चालली वाटते." तू म्हणालीस, "हो. आन सासर थंडं पाह्यजे तिले. एसी लाव." त्यानं सांगितलं, एसी पुढे लागतो, मागे लागत नाही. तरी तू लावायला लावलास.

ते तळघर मी पहिल्यांदा पाहिलं. पायऱ्या उतरलो आणि अंगावर काटा आला, खरंच गोधडी लागेल अशी थंडी. ओळीनं बॅरल आडवी पडलेली, ओल्या लाकडाचा आणि आंबवलेल्या भाकरीच्या पिठाचा वास. तू काठी विसरून चालायला लागलीस. एकेका बॅरलवर थाप मारून मला सांगत होतीस, जणू सगळी तुझी माहेरची माणसं. नवं लाकूड आतून जाळलेलं असतं, ते रसाला गोडसर धुराचा वास देतं. चार वर्षं वापरलेलं बॅरल स्वतःचं काही देत नाही, फक्त लाकडातून सावकाश हवा लागू देतं. रस आंबून शांत झाला की गाळ खाली बसतो, तो फेकत नाहीत, वाकड्या दांडीनं हलके ढवळतात, म्हणजे वाईन अंगानं भरते. आणि मग कैरीसारखा झोंबणारा आंबटपणा हळूहळू दह्यासारखा मऊ होतो. "विरजणच हाय व," तू म्हणालीस, "फक्त लय दिवसाचं."

तिथे आपलं मोठं भांडण झालं. मॅडमनी विचारलं, तुमच्या रसाला कोणतं बॅरल द्यायचं? तू म्हणालीस, जुनं. नव्यात घातलं तर नवरीच्या अंगावर दागिने एवढे होतील की नवरी दिसणार नाही. मॅडम हसल्या आणि माझ्याकडे वळल्या. "ताई, तुम्हाला काय वाटतं?"

मी पायऱ्यांकडे पाहिलं. आजवर मला कोणी असं विचारलं नव्हतं. मी पुटपुटले. तू म्हणालीस, "मोठ्यानं सांग. तुही द्राक्षं हायत."

मी म्हणाले, "लाकूड कायले? स्टीलच्या टाकीत राहू द्या. पाटीची चव तशीच राहीन."

"स्टीलमंदी?" तू कमरेवर हात ठेवलेस. "वाईन हाय का डेअरीचं दूध?"

"फोडणी दिल्याबिगर डाळीची चव कळते बाई."

"कोण खाते तसली डाळ? तापात पडलेला!"

मॅडम, ड्रायव्हर, तिथला बॅरल धुणारा माणूस, सगळे आपल्या दोघींकडे पाहत होते, आणि मी त्या वेळी लाजायचं विसरून गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. रस पिळला तेव्हा तुझं जुनं बॅरल भरून थोडा उरला. मॅडमनी तो एका लहान स्टीलच्या कॅनमध्ये ठेवला आणि म्हणाल्या, बघू कोण बरोबर. शिवाय तू मला दुसऱ्या कुठल्याशा बॅरलमधली वाईन तळहातावर थेंबभर दिलीस. मी आजूबाजूला पाहून चाटली. तू विचारलंस कशी आहे. मी म्हणाले, "भाजलेला मका." आणि पदरानं हात पुसला, चोरीचा माल असल्यासारखा.

व्यवहार तिथेच ठरला. तोडणीची मजुरी आणि गाडीभाडं लगेच मिळालं. द्राक्षांचे पैसे बॅरल उघडल्यावर. आपल्या बरडाची चव वेगळी उतरली तर वेगळी बाटली आणि चांगला भाव. नाही उतरली तर मोठ्या टाकीत मिसळून टाकणार आणि साधा भाव. साध्या भावानं तुझे पैसे फिटायला किती वर्षं गेली असती कोण जाणे. परत येताना मी तेवढाच विचार करत होते. तू झोपली होतीस, तोंड उघडं टाकून.

श्रावणात तुझी तब्येत उतरली. तेव्हा मेथीला भाव होता. मी पैसे बाजूला काढले, तुझ्या खाटेपाशी बसले आणि नोटा तुझ्या हातात ठेवल्या. मला वाटलं, बॅरलचं कोणी सांगावं, तुझ्या डोळ्यांसमोर फिटलेलं बरं. तू नोटा नाकाशी नेल्यास. चांगला लांब वास घेतलास.

"मेथी," तू म्हणालीस.

"बाई, पैशाले कायचा वास?"

"मेथीचा वास येऊन राह्यला. चालत नाई. घेऊन जा."

"तुमाले बरं नाई. रंजनाच्या दुकानाचे हायत हे."

"रंजना थांबंल. मी थांबीन. वेली थांबल्या ना गोट्यात?" आणि नोटा माझ्या पदरात परत खोचून तू भिंतीकडे तोंड केलंस. पाठ हलत होती. तू हसत होतीस की दुखत होतं, हे मी वाकून पाहायला पाहिजे होतं. नाही पाहिलं. तेव्हाच तुला म्हणायचं होतं की मला तळघरात नेलंस, सगळ्यांसमोर बोलायला लावलंस, "तुही द्राक्षं" म्हणालीस, त्याचे पैसे कशातून फेडू? भाजीतूनही नाही आणि द्राक्षातूनही नाही. शब्द जिभेवर होता, पण "तुमी"च्या पुढे गेला नाही.

मग तू झोपेतच गेलीस. फळासाठीची गोडी छाटणी होऊन वेलीला डोळे फुटत होते त्याच आठवड्यात. तुझा भाऊ अजून बरडाकडे पाहत नाही, पाहिलं की नाक ओढतो. मी रोज जाते. फुटवे हिरवेगार आहेत, मावळतीकडची पानं यंदाही तुझ्या हुकमानं सगळीकडे राहणार आहेत.

तेरवीनंतर दोन दिवसांनी मॅडमचा फोन आला. मीच उचलला. त्या आधी तुझ्यासाठी रडल्या. मग म्हणाल्या, बॅरल उघडलं, आणि मिसळणार नाही. वेगळी बाटली करणार. मी भिंतीला टेकले. मला त्यांना धन्यवाद म्हणता आलं नाही. मी म्हणाले, "बाईले सांगते." फोन ठेवल्यावर आठवलं की कोणाला सांगणार. तरी वर बरडावर जाऊन सांगून आले.

परवा त्यांनी दोन लहान बाटल्या पाठवल्या. एक बॅरलमधली, एक स्टीलच्या कॅनमधली. आज रंजना रिसोडहून आली तेव्हा उघडल्या. स्टीलच्या वाट्यांच्या चार जोड्यांत ओतल्या, घरात पेले कुठे होते. चौथी जोडी तुझी, ती तशीच ठेवली. तुझ्या भावानं दोन्ही एकेका घोटात घेतल्या आणि म्हणाला, "दोन्ही काढ्यासारख्या हायत." रंजनाला कॅनमधली आवडली. "मामी, हे तुमच्या म्हणण्यासारखं हाय. स्वच्छ. एकदम पाटी."

आणि मी, द्वारका? मी आधी कॅनमधली चाखली. बरोबर माझी होती, पाटी, कैरी, सकाळची हवा. मग बॅरलमधली घेतली. त्यातही पाटी होती, गेली नव्हती. पण तिच्याभोवती लोण्याचं आणि भाजलेल्या भाकरीचं काहीतरी होतं, आणि गिळल्यावर ती जिभेवरून उठायलाच तयार नव्हती. तुझ्यासारखी, पाहुणी म्हणून आली आणि खाट टाकून बसली. मी रंजनाला म्हणाले, "नाई व. बॅरलचीच चांगली." ती म्हणाली, "मामी, तुमी तर स्टीलच्या बाजूनं होत्या ना?" मी म्हणाले, "तुही माय गेली. तिच्या बाजूनं कोणीतरी भांडा लागंल ना." मग आम्ही दोघी बराच वेळ भांडलो. तुझा भाऊ म्हणाला, घरात पुन्हा आवाज आला.

सकाळीच मी मालेगावला बँकेत जाऊन आले होते. मॅडमनी पाठवलेल्यातून तुझे तेवढे वेगळे काढले होते, नव्या रुमालात. रंजनाच्या ओटीत ठेवले तर ती हात मागे घेऊ लागली. "मामी, असू द्या ना. घाई कायची?" मी म्हणाले, "थांब." रुमाल उघडला, नोटा नाकाशी नेल्या आणि तुझ्यासारखा चांगला लांब वास घेतला. तिला काही कळेना. ती हसायला लागली, मग तिनंही घेतला.

"कायचा वास पाहून राह्यल्या?"

"मेथीचा."

"येते काय?"

"नाई," मी म्हणाले. "एकाही नोटेले नाई."

तिनं रुमालाची गाठ मारली आणि पिशवीत ठेवला. तुझे सगळे फिटले, द्वारका. द्राक्षातून.